वाय-फाय दिसत नाही? चार प्रश्न क्रमाने विचारा



जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, पडदा छान उजळला, आणि मग लक्षात आलं की वाय-फायच नाही. किंवा आवाज नाही. किंवा प्रिंटर समोर आहे, पण संगणक त्याला ओळखच देत नाही. अशा वेळी दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, ‘लिनक्सवर हे चालत नाही.’ दुसरं, ‘यंत्र जुनं झालं, नवं घ्या.’ दोन्ही वाक्यं कधीकधी खरी असतात, पण बहुतेक वेळा ती घाईत म्हटलेली असतात.

विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर अनेक घरांत चांगले चालते लॅपटॉप ‘आता याचं काय करायचं?’ म्हणून कपाटात गेले. त्यातले बरेच लिनक्सवर आणखी काही वर्षं सुखाने चालतील. मधे अडतं ते या हार्डवेअरच्या गोंधळापाशी. तो सोडवायची एक सोपी रीत आज सांगते. ती मी शहाणपणाने शोधलेली नाही, चुका करून शिकले आहे.

पुस्तक वाचणाऱ्यांसाठी एक सूचना. व्हिडिओत कमांड पडद्यावर दिसत होत्या. इथे मी त्या एकेक अक्षर उच्चारून सांगते. सगळी इंग्रजी अक्षरं लहान लिपीतली, म्हणजे स्मॉल, समजायची. फोनवर कुणाला सांगावं तशी ही पद्धत आहे, आणि आजची गोष्ट शेवटी फोनवरच सुटली.

माझी मावशी बडोद्याला राहते. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली, आता दहावीच्या मुलांच्या शिकवण्या ऑनलाइन घेते. तिचा लॅपटॉप दहा वर्षांचा. विंडोजच्या सूचना यायला लागल्या तशी ती घाबरली. जवळच्या दुकानदाराने नवा घ्यायला सांगितलं. मी म्हटलं, ‘मावशी, पैसे घालवू नकोस. मी येते आणि लिनक्स टाकून देते.’ ती म्हणाली, ‘सोमवारी सकाळी सातला माझा वर्ग आहे, एवढं लक्षात ठेव म्हणजे झालं.’

शनिवारी दुपारी लिनक्स टाकलं. अर्ध्या तासात काम झालं, लॅपटॉप पहिल्यापेक्षा चपळ झाला. फक्त वाय-फायचं चिन्ह कुठेच नव्हतं.

इथे मी पहिली चूक केली. लॅपटॉपच्या मॉडेलचं नाव घेऊन उपाय शोधला. त्याच नावाच्या लॅपटॉपवर कुणीतरी वाय-फाय चालू केल्याचं सापडलं, सोबत आठ-दहा कमांडही होत्या. मी त्या एकामागून एक चिकटवल्या. प्रत्येकीच्या आधी सुडो, म्हणजे यंत्राला ‘मालकाचा हुकूम आहे, विचारू नकोस’ असं सांगणं. रात्री दीड वाजेपर्यंत हे चाललं. वाय-फाय काही आलं नाही. काय काय बदललं याची नोंदही मी ठेवली नाही. ही दुसरी चूक, आणि तिची किंमत पुढे सोमवारी मोजावी लागली.

आता जरा थांबून मूळ गोष्ट समजून घेऊ.

आपण ‘अमुक कंपनीचा लॅपटॉप’ म्हणतो, पण लिनक्सला त्या नावाशी काही देणंघेणं नाही. त्याला आतली चिप दिसते. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत दोन वेगळ्या कंपन्यांच्या वाय-फाय चिप असू शकतात. ज्या वेळी जी स्वस्त मिळाली ती बसवली, इतका साधा हिशेब. बाहेरून लावायच्या वाय-फाय डाँगलचंही तसंच. टीपी-लिंकचं टीएल-डब्ल्यूएन७२२एन हे प्रसिद्ध उदाहरण घ्या. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथेरॉसची चिप होती, तिचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून होता. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची चिप आली. नाव तेच, आतला भाग पूर्ण वेगळा. ‘माझ्याकडे चालतं’ म्हणणारा आणि ‘माझ्याकडे चालत नाही’ म्हणणारा, दोघंही खरं बोलत असतात.

दुसरी गोष्ट ड्रायव्हरची. विंडोजवर ड्रायव्हर सहसा हार्डवेअर बनवणारी कंपनी देते. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, १९९१मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी सुरू केलेला. कंपनीने माहिती दिली किंवा स्वतःचे इंजिनियर लावले, तर ड्रायव्हर लवकर येतो. नाही दिली, तर लोकांना चिप कशी वागते ते पाहून लिहावा लागतो किंवा कंपनीच्या बंद ड्रायव्हरवर अवलंबून राहावं लागतं. २०१२ साली फिनलंडमधल्या एका विद्यापीठात टॉरवाल्ड्स यांनी एनव्हिडियावर जाहीरपणे तोंडसुख घेतलं होतं, ते याच रागातून. २०२२मध्ये एनव्हिडियाने आपल्या नव्या ग्राफिक्स कार्डांसाठी कर्नलमधला भाग खुला केला. म्हणजे परिस्थिती बदलते, पण बदलायला वर्षं लागतात.

म्हणूनच यंत्राचं वय दोन्ही बाजूंनी पाहावं लागतं. जुन्या यंत्राला बंद ड्रायव्हरची अडचण येऊ शकते. अगदी नव्या यंत्राला उलटी, म्हणजे चिप नवी आणि कर्नल जुना. रिअलटेकची ८८२१सीई ही चिप स्वस्त लॅपटॉपांत भरपूर सापडते. तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला तो ५.९ या आवृत्तीत, ऑक्टोबर २०२०मध्ये. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या उबंटू २०.०४मध्ये कर्नल होता ५.४. त्यामुळे तेव्हा अनेकांनी बाहेरून ड्रायव्हर आणून झटापट केली. आज तीच चिप नव्या कर्नलवर काही न करता चालू होते. तुमच्याकडचा कर्नल कितवा आहे ते पाहायला टर्मिनल उघडून यू-एन-ए-एम-ई, मग मोकळी जागा, मग वजाचं चिन्ह आणि आर, एवढं लिहा. कधीकधी उपाय नवा ड्रायव्हर शोधणं हा नसतोच, लिनक्सची नवी आवृत्ती घेणं हा असतो.

आता ते चार प्रश्न. क्रम महत्त्वाचा. आधीच्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढच्याकडे जायचं नाही.

पहिला प्रश्न : यंत्राला तो भाग दिसतो का, आणि त्याचं खरं नाव काय?

आत बसवलेल्या भागांसाठी कमांड आहे एल-एस-पी-सी-आय, मोकळी जागा, वजाचं चिन्ह, एन-एन-के. यूएसबीवर लावलेल्या वस्तूंसाठी एल-एस-यू-एस-बी. उत्तरात लांबलचक यादी येते. त्यात ‘नेटवर्क कंट्रोलर’ असं लिहिलेली ओळ शोधा. ओळीच्या शेवटी चौकटी कंसात दोन आकडे दिसतात, मधे विसर्गासारखी दोन टिंबं. पहिला आकडा कंपनीचा, दुसरा त्या भागाचा. एनव्हिडियाचा आकडा १०डीई, एएमडीच्या ग्राफिक्सचा १००२, आणि इंटेलचा ८०८६. इंटेलने १९७८मध्ये काढलेल्या प्रोसेसरचा हाच क्रमांक होता.

ही आकड्यांची जोडी म्हणजे त्या भागाचं खरं नाव. उपाय शोधायचा तो या जोडीने, लॅपटॉपच्या मॉडेलने नाही.

भाग यादीतच नसेल, तर ड्रायव्हर शोधण्यात अर्थ नाही. बायोसमध्ये तो बंद केलेला आहे का, केबल किंवा पोर्ट खराब आहे का, हे पाहा. यूएसबी डाँगलची एक गंमतही माहीत असू द्या. काही डाँगल सुरुवातीला स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून दाखवतात, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्यांच्याच पोटात ठेवलेला असतो. पूर्वीच्या इंटरनेट डेटाकार्डांची हीच खोड होती. त्यांना मूळ रूपात आणण्यासाठी लिनक्सवर यूएसबी-मोडस्विच नावाचा प्रोग्रॅम आहे.

दुसरा प्रश्न : त्या भागाला ड्रायव्हर जोडला गेला का?

त्याच कमांडच्या उत्तरात, भागाच्या नावाखाली, दोन ओळी पाहा. ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ म्हणजे सध्या कामावर असलेला ड्रायव्हर. ‘कर्नल मॉड्यूल्स’ म्हणजे या भागासाठी घरात असलेले ड्रायव्हर. दोन्ही ओळी नसतील, तर ड्रायव्हरच नाही. दुसरी आहे आणि पहिली नाही, तर ड्रायव्हर घरात आहे पण कामावर आलेला नाही. हा फरक नीट लक्षात ठेवा.

तिसरा प्रश्न : फर्मवेअर मिळालं का?

ड्रायव्हर संगणकावर चालतो, फर्मवेअर त्या चिपच्या आत चालतं. बऱ्याच चिप रिकाम्या डोक्याने सुरू होतात, ड्रायव्हरने त्यांना फर्मवेअरची फाइल द्यावी लागते. ती नसेल तर सगळं असून काही चालत नाही. पाहायची जागा म्हणजे कर्नलची रोजनिशी. कमांड : सुडो, मोकळी जागा, डी-एम-ई-एस-जी. त्यात ‘फर्मवेअर’ या शब्दासोबत ‘फेल्ड’ आणि ‘एरर वजा २’ असं दिसलं, तर घाबरू नका. वजा २चा अर्थ इतकाच की फाइल सापडली नाही. ती फाइल तुमच्या लिनक्सच्या फर्मवेअर पॅकेजमध्ये बहुतेक मिळते. डेबियनसारख्या लिनक्सने अशी बंद फर्मवेअर अनेक वर्षं मूळ इन्स्टॉलरबाहेर ठेवली होती. २०२३मध्ये आलेल्या डेबियन १२पासून ती अधिकृत इन्स्टॉलरमध्येच असतात. आवाजाचंही असंच. इंटेलच्या नव्या लॅपटॉपांवर आवाजाच्या सेटिंगमध्ये नुसतं ‘डमी आउटपुट’ दिसत असेल, तर एसओएफ नावाचं फर्मवेअर आहे का ते आधी पाहा.

चौथा प्रश्न : कुणी अडवलं आहे का?

भाग आहे, ड्रायव्हर आहे, फर्मवेअरही आहे, तरी काम होत नाही. मग वाटेत कुणीतरी उभं आहे. वाय-फाय आणि ब्लूटूथसाठी आर-एफ-के-आय-एल-एल ही कमांड द्या. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ म्हणजे सॉफ्टवेअरने बंद केलंय, ‘हार्ड ब्लॉक्ड’ म्हणजे लॅपटॉपच्या बटणाने किंवा कीबोर्डवरच्या विमानाच्या चित्राच्या बटणाने. शेजारी विंडोजही ठेवलं असेल, तर त्यातलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि वाय-फाय कार्ड कधीकधी अर्धवट अवस्थेत लिनक्सच्या हाती येतं.

अडवणारा आणखी एक म्हणजे सिक्युअर बूट. तो सोसायटीच्या वॉचमनसारखा आहे. ज्याच्यावर ओळखीची सही नाही, त्या ड्रायव्हरला तो आत सोडत नाही. कर्नलसोबत आलेल्या ड्रायव्हरवर सही असते. तुमच्या यंत्रावर नव्याने बांधलेल्या ड्रायव्हरवर ती तुम्हाला करून द्यावी लागते.

आता परत मावशीकडे जाऊ.

रविवारी सकाळी चहा घेऊन मी शून्यापासून सुरुवात केली. सगळ्यात आधी माझा फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडला आणि फोनमधलं यूएसबी टेदरिंग चालू केलं. लिनक्सला हा फोन साधं केबलचं इंटरनेट वाटतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. वाय-फाय नसताना वाय-फायचा ड्रायव्हर आणायचा कसा, या कोड्याचं हे सर्वांत सोपं उत्तर.

पहिला प्रश्न : चिप दिसत होती. आकड्यांची जोडी घेतली आणि लगेच कळलं, रात्री मी त्याच कंपनीच्या पण वेगळ्या चिपचा ड्रायव्हर बांधत बसले होते. प्रत्येक ड्रायव्हरजवळ त्याला चालणाऱ्या आकड्यांची यादी असते. माझी जोडी त्या यादीत नव्हती. तो ड्रायव्हर कितीही वेळा बांधला असता, तरी या चिपकडे त्याने पाहिलंच नसतं.

दुसरा प्रश्न : ड्रायव्हर नव्हता. या चिपला कंपनीचा बंद ड्रायव्हर लागतो. लिनक्सच्या सेटिंगमधल्या ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ या खिडकीत तो समोरच होता. कालच्या रात्रीचं जागरण टळलं असतं. तिथून टाकताना त्याने सिक्युअर बूटसाठी एक तात्पुरता पासवर्ड मागितला. तो दिला, यंत्र पुन्हा सुरू केलं आणि मी गॅसवरचं दूध बघायला गेले. परत आले तर वाय-फाय नाहीच.

रोजनिशीत ओळ होती, तिचा अर्थ ‘सही नाकारली’. झालं असं होतं की यंत्र सुरू होताना एक निळा पडदा येतो आणि कळ दाबायला दहा सेकंद देतो. तिथे कळ दाबून, ‘एनरोल एमओके’ निवडून तो पासवर्ड द्यायचा असतो. तोच वॉचमनच्या यादीत नाव घालण्याचा क्षण. मी दुधापाशी असताना तो पडदा आला आणि निघून गेला. सहीची नोंद पुन्हा मागवली आणि या वेळी पडद्यासमोर बसून राहिले. नोंद झाली. ड्रायव्हर हाताने सुरू केला, ती कमांड एम-ओ-डी-पी-आर-ओ-बी-ई आणि पुढे ड्रायव्हरचं नाव. वाय-फाय आलं. मावशीने लगेच आमरसाचा बेत जाहीर केला. मी विजयी मुद्रेने रात्रीच्या गाडीत बसले.

यंत्र बंद करून पुन्हा सुरू करून मी पाहिलं नाही. ही तिसरी चूक.

सोमवारी सकाळी पावणेसातला फोन. ‘अगं, ते चिन्ह गेलं.’ मुलं सातला येणार होती. तिने तो वर्ग फोनवर घेतला. समीकरणं तोंडी सांगितली, मुलांना वहीत लिहायला लावली. दोघा-तिघांना नीट दिसलं नाही, ऐकू आलं नाही. टेदरिंगची युक्ती तिला दाखवून आले असते, तरी वर्ग वाचला असता. वर्ग संपल्यावर ती रागावली नाही, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. ती म्हणाली, ‘आता सांग, काय काय बघू?’

मग फोनवर तेच चार प्रश्न. मी अक्षरं सांगत होते, ती टंकत होती आणि उत्तर वाचून दाखवत होती. भाग दिसतो? दिसतो. ‘मॉड्यूल्स’ची ओळ आहे? आहे. ‘इन यूज’ची? नाही. म्हणजे ड्रायव्हर घरात आहे, कामावर नाही. हाताने सुरू करून पाहिला, लगेच चालू झाला. म्हणजे सहीची अडचण संपलेली, फर्मवेअरचीही नाही. मग सुरुवातीलाच त्याला कोण अडवतंय? मी तिला ड्रायव्हरच्या नियमांच्या फाइली जिथे असतात ती जागा सांगितली, म्हणजे ईटीसी फोल्डरमधलं मोडप्रोब-डॉट-डी. तिने फाइलींच्या तारखा वाचल्या. एक शनिवार रात्रीची. ती उघडून वाचली, आणि शांतपणे म्हणाली, ‘इथे ब्लॅकलिस्ट असं लिहून पुढे याच ड्रायव्हरचं नाव आहे. शनिवारी रात्री तूच बसली होतीस ना?’

मीच. त्या आठ-दहा कमांडींपैकी एकीने ही ओळ लिहिली होती. चुकीचा ड्रायव्हर चालावा म्हणून बरोबरच्याला आधीच बंदी. ब्लॅकलिस्टमुळे ड्रायव्हर आपोआप सुरू होत नाही, हाताने मात्र होतो. म्हणून रविवारी मला काही कळलं नाही. ती फाइल काढली, यंत्र पुन्हा सुरू केलं, एकदा नाही, दोनदा. चिन्ह जागेवर. मावशी म्हणाली, ‘गणितातही असंच असतं. उत्तर चुकलं की वरच्या पायऱ्या तपासायच्या, नवं गणित मांडायचं नाही.’

त्या दिवसापासून मी चार गोष्टी नेमाने करते. तुम्हीही करा.

लिनक्स टाकण्याआधी ते पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून पाहा. त्यात वाय-फाय, ब्लूटूथ, आवाज, माइक, कॅमेरा, टचपॅड, उजेड कमी-जास्त करणारी बटणं, आणि झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागं होतं का, हे सगळं तपासा. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल, तर बायोसमध्ये ती आरएआयडी किंवा आरएसटी पद्धतीवर आहे का ते पाहा. ती एएचसीआयवर न्यावी लागते, पण बदलण्याआधी सगळ्या फाइलींची प्रत काढा. तयारीशिवाय बदललं तर शेजारचं विंडोज सुरू होईनासं होतं.

जी कमांड द्याल ती वहीत लिहा, शेजारी ती काय करते ते लिहा. लिहिता येत नसेल तर ती देऊ नका.

दुरुस्ती झाली की यंत्र बंद करून पुन्हा सुरू करा. एकदा चालणं म्हणजे दुरुस्त होणं नाही. बाहेरून आणलेला ड्रायव्हर कर्नल बदलला की रुसू शकतो. तेव्हा सुरुवातीच्या ग्रब मेन्यूत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जुना कर्नल निवडा, काम भागवा आणि सवडीने दुरुस्त करा.

आणि चौथं, जे चालणार नाही ते आधीच सांगा. मावशीच्या लॅपटॉपवरचा बोटांचे ठसे ओळखणारा चौकोन आजही बंद आहे. चारही प्रश्न विचारून झाले, दुसऱ्यापाशी उत्तर मिळालं : त्याला ड्रायव्हर नाही. तेही उत्तरच आहे. तिथे थांबायचं. ती पासवर्ड टंकते.

मावशीच्या टेबलावर आता एक पुठ्ठा उभा असतो. त्यावर तिच्या फळ्यावरच्या अक्षरात चार ओळी आहेत : दिसतो का? ड्रायव्हर आहे का? फर्मवेअर आहे का? कोण अडवतंय? खाली पाचवी ओळ तिने स्वतःची घातली आहे : भाचीने काय केलं ते आधी विचार.

पुढच्या भागात प्रिंटरबद्दल बोलू. तोवर नमस्कार.